रविवारी मी गेले होते

फिलू,

आज तुला जाऊन अकरा दिवस झाले आणि माझी बोटं अजून स्वल्पविरामापाशी थांबतात. बावीस वर्षं तू या खोलीत येरझारा घालत अर्ज सांगितलेस आणि मी टाइप केले. स्वल्पविरामसुद्धा तू सांगायचीस. ‘अर्जदार ही विवाहित स्त्री असून, कॉमा, तिचा नवरा, कॉमा...’ मी चिडायचे. म्हणायचे, "अगं, मी पार्ल्याच्या शाळेत शिकलेय, मला कळतं कुठे थांबायचं ते." तू म्हणायचीस, "कळतं ना, मग थांब." आता कोणी काही सांगत नाही. खालच्या झेरॉक्सवाल्याचं मशीन तेवढं चालू असतं, तेही दुपारी तो जेवायला बसला की बंद होतं.

तुझ्या दफनाच्या वेळी माझ्या हातून चूक झाली. सगळे पेटीवर मूठमूठ माती टाकत होते. तुझ्या वहिनीने माझ्याही हातात दिली आणि मी ती टाकायचीच विसरले. तशीच मूठ मिटून रिक्षात बसले. घराचं कुलूप काढायची वेळ आली तेव्हा कळलं, एक हात अजून भरलेला आहे. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस आणि साऱ्या गावठाणाला सांगत फिरली असतीस. मी दारात उभी राहून रडले. शेजारची सून बाहेर आली, म्हणाली, "काकू, कोण गेलं?" मी म्हटलं, "आमच्या वकीलबाई." ती "अरेरे" म्हणाली आणि आत गेली.

तिचं काही चुकलं नाही. माणसं तुझ्या भावाकडे भेटायला जातात, वहिनीला जवळ घेतात. वकिलाच्या दुखवट्याला टायपिस्टकडे जायची पद्धत नाही. माझा नवरा गेला तेव्हा घरात पाय ठेवायला जागा नव्हती. तू गेलीस तर एक माणूस आला नाही, आणि खरं सांगू, तेव्हापेक्षा आत्ता मला जास्त एकटं वाटतंय. नवऱ्याशी मी आयुष्यभरात बोलले नसेन तेवढं तुझ्याशी बोललेय.

बोलले म्हणजे भांडले. तुला पंखा पाचवर हवा, मला दोनवर. तुझ्या डब्यातल्या सुक्या बोंबलाचा वास माझ्या वरणभाताला लागायचा. ही भांडणं रोज मिटायची आणि रोज सुरू व्हायची. मोठं भांडण एकच, ते मात्र अर्धवट राहिलं. तुझ्याकडे बाहेरच्या लोकांच्या केसेस यायला लागल्या तेव्हापासूनचं. बांधकामावरचे, लादी पॉलिश करणारे, भंगारवाले, बंगाली बोलणारे. पोलीस त्यांना उचलून न्यायचे आणि ठाण्यात बसवून ठेवायचे. ना कुठे नोंद, ना कोर्टापुढे उभं करणं. त्यांच्या बायका रडत तुझ्याकडे यायच्या. तू त्यांचे अर्ज सांगायचीस आणि मी टाइप करता करता विचारायचे, "फिलू, खरं सांग, हा तिकडचाच ना? बांगलादेशी?"

तू कधी त्याचं उत्तर दिलं नाहीस. "तो कोण आहे ते कोर्ट बघेल. तो कुठे आहे ते मला बघायचंय."

"पण असला तर?"

"असला तर असला. कोर्टापुढे उभा करा, त्याचे कागद बघा, मग काय ते करा. पाकीटमाराला देतो तेवढं तरी द्या त्याला."

"इथे आपल्या पोरांना कामं नाहीत आणि तू यांच्यासाठी..."

"टाइप कर गं, सुमे."

मी टाइप करायचे. पण मला पटलेलं नसायचं आणि ते तुला ठाऊक होतं. दुसऱ्या कोणी मला केव्हाच घरी बसवलं असतं. तू उलट मला ‘आमची सरकारी वकील’ म्हणायचीस. समोरची बाजू उद्या काय बोलणार ते आजच फुकटात कळतं, म्हणायचीस. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. माझ्यासारख्या बाईला कोणी इतकी वर्षं भांडू देत नाही.

आता सैफुलचं. हे टाळून मी तुझ्याबद्दल काहीही लिहिलं तरी ते खोटं होईल.

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता लादीच्या कामावरून पोलिसांनी त्याला उचललं. सातच्या आत त्याची बायको हसीना तुझ्यासमोर बसली होती, मांडीवर लहान मुलगी. पिशवीत त्याचं मतदान कार्ड, पश्चिम बंगालमधल्या मालद्याकडच्या शाळेचा दाखला. पोलीस म्हणाले होते, सगळं बनावट. तू कागदांकडे बघितलंही नाहीस. आधी विचारलंस, "किती वाजता नेलं? कोणी पाहिलं?" तुझं सगळं काम या दोन प्रश्नांवर चालायचं. मी म्हटलं, "चल ना, आत्ताच जाऊ ठाण्यात." सैफुलला मी ओळखत होते, गेल्या दिवाळीत आपल्या खोलीची लादी त्यानेच घासून दिली होती. तू मान हलवलीस. आत्ता गेलो तर म्हणतील, चौकशीला बोलावलंय, सोडतोच आहोत. कोर्टापुढे न्यायला त्यांना चोवीस तासांची मुभा आहे. "उद्या पाच वाजू देत. पाच वाजून एक मिनिटाने मी आत शिरते की नाही बघ. मग त्यांना बोलायला तोंड राहणार नाही." म्हणजे पोलिसांचा गुन्हा पुरता पिकेपर्यंत थांबायचं. असलं शहाणपण फक्त वकिलांनाच सुचतं.

त्या रविवारी मनोरीला तुझ्या पुतण्याचं लग्न होतं. बाप्तिस्म्याला तूच त्याला हातांवर धरलेलं, न जाऊन कसं चालेल? तू मला काम नेमून दिलंस. "सुमे, दुपारी ठाण्यात एक फेरी मार. कोणाशी बोलू नकोस. तो दिसतो का बघ आणि घड्याळ बघ, बस. हसीनाला पाठवायचं नाही, तिलाच बसवून ठेवतील. काही वेगळं दिसलं तर मला फोन कर. जेवणावरून उठून बोट पकडीन." डोळ्यांनी पाहिलेला माणूस असला की कोर्टात अर्धं काम होतं, हे तू मला शंभरदा सांगितलं असशील.

फिलू, मी तुला म्हटलं की गुडघा धरला म्हणून मी गेलेच नाही. रविवारी मी गेले होते.

दीड वाजला होता. आवारात पोलिसांची मोठी गाडी दार उघडून उभी होती. पाचसहा माणसं रांगेत, एकेकाचा अंगठा कागदावर घेत होते. सैफुल तिसरा होता. मी फाटकाच्या आत चार पावलं गेले तेवढ्यात एक हवालदार पुढे आला. चाळिशीचा, कपाळाला गंध. "काय काकू, काय काम?" मी म्हटलं, "पासपोर्टच्या चौकशीचं विचारायला आले होते." माझ्या बोलण्यावरून त्याने ओळखलं असावं. म्हणाला, "तुमी खंयच्या?" मी म्हटलं, "देवगडच्या." त्याचा चेहरा एकदम खुलला. "अरे वा, मी मिठबावचो!" त्याने मला सावलीत खुर्ची दिली. स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. आंब्याचं विचारलं, यंदा मोहर कसा आहे म्हणून. मग त्या रांगेकडे मानेने दाखवून म्हणाला, "ह्यांना आज काढून देतोय. बांगलादेशी सगळे. चारला गाडी सुटते. पासपोर्टवाले आज नाहीत, काकू, कशाला उन्हात थांबता? घरी जावा."

मला बरं वाटलं गं. हे लिहायची मला लाज वाटते, पण वाटलं. कितीतरी महिन्यांनी कोणीतरी माझं गाव विचारलं होतं. त्याने मला आपल्यातली मानलं आणि मी लगेच त्याच्यातली झाले. पाणी प्यायले, "येते हं" म्हटलं आणि घरी आले.

घरी फोन मांडीवर घेऊन बसले. तुझं नाव दोनदा वर आणलं आणि दोनदा घालवलं. मनाशी म्हटलं, लग्नघरातून तिला कशाला उठवायचं. पुन्हा म्हटलं, हवालदार नुसताच बोलला असेल, मेडिकलला नेत असतील. पण या सगळ्याच्या खाली जे होतं ते वेगळंच होतं. मला वाटलं, जाऊ दे. तिकडचा असेल तर गेला तिकडे. आपला कुठे आहे तो.

साडेतीनला तुझाच फोन आला. मागे बँड वाजत होता, तू ओरडून बोलत होतीस. "सुमे, जाऊन आलीस का?"

"नाही गं, गुडघा धरलाय सकाळपासून. आणि आता पाचला तू येतेसच ना."

"बरं बरं, राहू दे. जिना चढउतार करू नकोस उगाच. तुझ्यासाठी लग्नाचे तळलेले फुगे बांधून घेतलेत, गरम आहेत अजून."

साडेतीन म्हणजे अजून अर्धा तास होता. तुला तोंडाने सांगायला दहा सेकंद पुरले असते. कदाचित काहीच झालं नसतं. तू मनोरीला, मध्ये खाडी, रविवारची सुट्टी. पण तू काय केलं असतंस ते मला ठाऊक आहे. तिथूनच दहा जणांना फोन लावले असतेस, सुट्टीच्या मॅजिस्ट्रेटला झोपेतून उठवलं असतंस, आणि मला म्हटलं असतंस, जा, गाडीच्या पुढे उभी राहा. मी राहिले असते का, देव जाणे.

पाच वाजून एक मिनिटाने तू ठाण्यात शिरलीस, लग्नाचा शालू नेसून, केसात फुलं, हातात फुग्यांची पिशवी. ते म्हणाले, "सैफुल? त्याला काल रात्री नऊलाच सोडलं." वही उघडून नोंद दाखवली. कॅमेऱ्याचं विचारलंस तर तो बिघडलेला. तू बाहेर येऊन रस्त्यावरून मला फोन केलास आणि पहिल्यांदाच तुझा आवाज मला म्हातारा वाटला. फुगे तू मला दुसऱ्या दिवशी आणून दिलेस. मी खाल्ले.

सोमवारी तू हायकोर्टात गेलीस. माणूस आणून दाखवा, एवढीच मागणी. पोलिसांनी शपथेवर लिहून दिलं की शनिवारी रात्रीनंतर तो आमच्याकडे नव्हता. बुधवारी हसीनाला अनोळखी नंबरवरून फोन आला. सैफुल म्हणाला, नदीच्या पलीकडे सोडलंय, शेतात आहे, आणि फोन तुटला. त्यानंतर आजवर काही नाही. पोलीस म्हणाले, तो आपल्या पायांनी गेला असेल, आम्हाला काय ठाऊक.

पुढच्या तारखेला न्यायाधीशांनी तुला विचारलं, रविवारी त्याला ठाण्यात पाहिलेलं कोणी आहे का? मी मागच्या बाकावर फायली घेऊन बसले होते. तू म्हणालीस, नाही. आणि मग कोणी विचारलं नसताना म्हणालीस की चूक माझी आहे, मी चोवीस तास पुरे व्हायची वाट बघत बसले. भर कोर्टात. वकील असं कधी बोलतात का? शेजारचे दोघे एकमेकांकडे बघून हसले. मी फायलीची नाडी सोडून पुन्हा बांधली.

तिथून पुढे पाच महिने तू तेच बोलत राहिलीस. मध्येच येरझारा थांबवून म्हणायचीस, "घड्याळाकडे बघत बसले गं मी, सुमे. माणसाकडे बघायचं सोडून." आणि मी तुझी समजूत घालायचे! तुझा काय दोष, कायद्याने बरोबरच होतं तुझं, असं तोंड वर करून सांगायचे. तू माझा हात दाबून म्हणायचीस, "तू आहेस म्हणून." मला तेव्हा जमिनीत गाडून घ्यावंसं वाटायचं. तरी मी बोलले नाही. एकदा खोटं बोललं की ते खरं करायला रोज थोडं थोडं बोलावं लागतं, आणि महिनाभराने तर माझा गुडघा खरंच दुखायला लागला.

हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी मी ठरवून आले होते. रिक्षात वाक्य जुळवलं होतं. तू डोळे मिटून पडली होतीस. मला म्हणालीस, "हसीनाची तारीख कधी आहे?" मी सांगितलं. म्हणालीस, "पाहणारा मिळाला असता ना एखादा." मी तोंड उघडलं. तेवढ्यात नर्स सुई बदलायला आली. ती गेल्यावर मी तुझ्या अंगावरचं पांघरूण नीट केलं आणि उद्या येते म्हणून निघाले. तो उद्या काही आला नाही. तू गेलीस ती स्वतःला दोषी समजून गेलीस, फिलू. तुझं हृदय आधीपासून अधू होतं, डॉक्टरांनी सांगितलंय. मी स्वतःला तेच सांगते आणि मला त्याचा काही उपयोग होत नाही.

तुझ्या फायली आता कदम वकिलांकडे गेल्या. तू त्यांना ‘फार सज्जन, म्हणून फार हरतात’ म्हणायचीस, तेच. चार दिवसांपूर्वी त्यांनी विचारलं, हसीनाच्या केसमध्ये तुम्हाला काही ठाऊक आहे का? मी म्हटलं, आहे. आणि घरी न जाता इथेच बसून माझं प्रतिज्ञापत्र टाइप केलं. मराठीत केलं, इंग्रजी ते करून घेतील. दुसऱ्यांची हजारो केली असतील. ‘मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की’, हे शब्द माझ्या बोटांना पाठ आहेत. पण ‘मी’च्या पुढे माझंच नाव घालताना मला पाणी प्यावं लागलं. वेळ घातली, गाडी घातली, तिसरा माणूस घातला. हवालदार काय म्हणाला ते घातलं, तो मिठबावचा हेही घातलं. त्याने मला पाणी दिलं होतं, आणि आता त्याची नोकरी माझ्या कागदावर आली. मग सातवा परिच्छेद. मी फोन केला नाही, कारण तो परदेशी असावा आणि त्याला नेलं तर आपलं काही जात नाही, असं मला वाटलं.

कदमांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला. "सुमनताई, सातवा काढून टाका. तुम्ही पाहिलंत एवढं पुरे आहे. फोन का नाही केला, हे कोणी विचारलेलं नाही."

"विचारतील ना. पाच महिने गप्प का होतात म्हणून विचारतीलच."

"तेव्हा म्हणू, घाबरलात. बाईमाणूस, पोलीस ठाणं, कोणालाही पटेल. हे असं लिहिलंत तर समोरचे तुमचीच सालटी काढतील."

"मी घाबरले नव्हते," मी म्हटलं. "मला तिथे खुर्ची दिली होती."

सातवा राहिला. काल सही केली. तुझं सगळं मला आजही पटलेलं नाही, फिलू. बाहेरून येणाऱ्यांचं काय करायचं यावर आपण आज बसलो असतो तर आजही भांडलो असतो. सैफुल कुठला, ते मला अजून माहीत नाही. पण रविवारी दीड वाजता तो कुठे होता ते मला माहीत होतं, आणि तू मला तेवढंच विचारलं होतंस.

सही झाल्यावर कदम म्हणाले, अर्ज हसीनाच्या नावाचा आहे, तिला कोर्टात पहिल्यांदा ऐकायला लागू नये, तुम्हीच सांगा. मी तिला खोलीवर बोलावलं. पक्षकारांच्या खुर्चीत बसली, मुलगी पायाशी. माझ्या मोडक्या हिंदीत मी सगळं सांगितलं. गाडी, अंगठे, चारची वेळ, माझा न केलेला फोन, माझं खोटं, आणि सातव्यात जे लिहिलंय तेही. सांगताना मी तिच्या हातांकडे बघत होते. तिने मला मारलं असतं तर मी हलले नसते.

तिने खुर्ची माझ्या जवळ ओढली. मग हळूच म्हणाली, "आपने देखा उनको? संडे को?"

"देखा."

"कैसे थे?"

माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं, फिलू. पाच महिने मी कोर्टाचा विचार करत होते, तुझा करत होते, माझा करत होते. पोलिसांनी नेल्यावर त्याला पाहिलेलं आणि तिला ते सांगू शकेल असं या जगात मीच एक माणूस होते, आणि ती इथे यायची तेव्हा मी तिच्यासमोर बसून ते दाबून ठेवलं होतं.

मी सांगितलं. ठीक होता, नीट चालत होता. मार लागलेला दिसला नाही. चॉकलेटी शर्ट होता, कामावरची पांढरी धूळ अजून केसांत होती. पायात चप्पल होती का, तिने विचारलं. होती.

"आपको देखा उन्होंने?"

"देखा. पहचाना. हाथ ऐसे ऊपर किया था."

"फिर आपने?"

हे प्रतिज्ञापत्रात नव्हतं. "मैं उधर दीवार का बोर्ड पढ़ने लगी," मी म्हटलं.

हसीनाने डोळे पुसले. मुलीला उचलून मांडीवर घेतलं, तिचं तोंड माझ्याकडे केलं आणि म्हणाली, "फिर से बताइए. शुरू से. इसको भी सुनने दीजिए."